समुद्र एकट्याने ओलांडणाऱ्यांची पुस्तकं

पुणे जिल्ह्यातलं मंचर आणि मुंबई बंदर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १९ अंश उत्तर. नकाशावर मंचरवर बोट ठेवून ते सरळ पश्चिमेकडे सरकवलं, तर भीमाशंकरची डोंगररांग, नेरळ-माथेरानचा पट्टा आणि ठाण्याची खाडी ओलांडून ते मुंबईत पोचतं. त्यामुळे भर दुपारी सूर्य आकाशात किती उंच चढतो, याचं उत्तर दोन्हीकडे एकच येतं. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तो दोन्ही ठिकाणी थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. फरक असतो तो फक्त वेळेचा. मंचरची माध्यान्ह मुंबईच्या आधी होते, सुमारे साडेचार मिनिटं आधी.

सूर्याची उंची आणि घड्याळातली वेळ. ज्याच्या भोवती पाण्याशिवाय काही नाही, अशा माणसाला आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे पिढ्यान्‌पिढ्या या दोन गोष्टींनीच सांगितलं. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं लागतात. म्हणजे विषुववृत्तावर घड्याळ चार सेकंद चुकलं, की हिशेब एका सागरी मैलाने चुकतो. घरात बसून हे वाचताना चार सेकंद क्षुल्लक वाटतात. उघड्या कॉकपिटमध्ये मांडीवर वही आणि गणिताची कोष्टकं धरून, दोन पायांत विमानाची दांडी आवळून बसलेल्या वैमानिकाला ते क्षुल्लक वाटत नाहीत, कारण टाकीतलं पेट्रोल मोजकं असतं आणि शोधायचं बेट जेमतेम आठ किलोमीटर लांबीचं असतं.

ही प्रस्तावना अशा माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांची आहे. त्यातली दोन पुस्तकं इथे विशेष जवळून पाहायची आहेत. एक आहे फ्रान्सिस चिचेस्टर या वैमानिकाचं. त्याने १९३१ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियामधला टास्मान समुद्र एका छोट्या विमानातून एकट्याने ओलांडला आणि त्याची हकिगत १९३३ मध्ये ‘सीप्लेन सोलो’ या नावाने छापली. दुसरं आहे कमांडर दिलीप दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या भारतीयाची ती गोष्ट. एक आकाशातून गेला, दुसरा पाण्यावरून. मधे जवळजवळ ऐंशी वर्षांचं अंतर. तरीही ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत असं काहीतरी त्यांच्यात आहे. दोन्ही लेखक आपल्याबरोबर कोण नव्हतं हे सांगता सांगता प्रत्यक्षात कोण कोण होतं याची नोंद करत जातात.

मंचरच्या आसपासच्या, आंबेगाव-जुन्नरच्या वाचकाचा समुद्राशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर त्याला नाणेघाटात न्यावं. जुन्नरहून निघालेला व्यापारी माल याच घाटाने कोकणात उतरायचा आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून गलबतांत चढायचा. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि बाहेर तो मोठा दगडी रांजण. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. समुद्रापलीकडून आलेली माणसं इथल्या डोंगरात दान देऊन गेली. तिथल्याच लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची, बांबूचं काम करणाऱ्यांची, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणीही दाता म्हणून येते. लेणं कुणी कोरवलं, पाण्याचं टाकं कुणी दिलं, हे दगडात लिहून ठेवण्याची या मुलखाची जुनी सवय आहे. अलीकडचं उदाहरण हवं तर नारायणगावजवळचं आर्वी आहे. हिंदी महासागरावरच्या उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणारं देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र तिथे १९७१ साली उभं राहिलं आणि त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. तेव्हा या पठाराला समुद्र परका नाही.

एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्या वैमानिकांची पुस्तकं म्हटलं की पहिलं नाव चार्ल्स लिंडबर्गचं येतं. २० आणि २१ मे १९२७ या दोन दिवसांत त्याने न्यूयॉर्क ते पॅरिस हे सुमारे ५,८०० किलोमीटरचं अंतर साडेतेहतीस तासांत कापलं. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नाव होतं ‘वुई’. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ वैमानिक आणि विमान असा लावला. लिंडबर्गच्या मनात मात्र सेंट लुईसमधले त्याला पैसे देणारे लोकही होते. पुढे १९५३ मध्ये त्याने तीच कथा ‘द स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ या नावाने पुन्हा, सविस्तर लिहिली आणि तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. अमेलिया इअरहार्ट १९३२ मध्ये एकटीने अटलांटिक पार करून उत्तर आयर्लंडमध्ये उतरली. बेरिल मार्कहॅम १९३६ मध्ये इंग्लंडहून निघून उलट्या दिशेने, समोरचा वारा अंगावर घेत गेली आणि इंधन इंजिनापर्यंत पोचेनासं झाल्यावर नोव्हा स्कोशियाच्या दलदलीत उतरली. तिचं ‘वेस्ट विथ द नाइट’ हे पुस्तक १९४२ मध्ये निघालं, विस्मृतीत गेलं आणि १९८३ च्या पुनर्मुद्रणानंतर जगभर वाचलं गेलं. ही सगळी वाचावीत. पण चिचेस्टरइतकं उड्डाणाचं गणित उघडं करून दाखवणारा लेखक त्यांच्यात दुसरा नाही.

चिचेस्टर हा इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा, जन्म १९०१ चा. अठराव्या वर्षी तो दहा पौंड घेऊन न्यूझीलंडला गेला आणि पडेल ती कामं करत शेवटी जमीन आणि वनीकरणाच्या धंद्यात स्थिरावला. १९२९ मध्ये इंग्लंडला परतून त्याने विमान चालवायला शिकून घेतलं, जिप्सी मॉथ नावाचं लाकूड आणि कापडाचं दोन पंखी विमान विकत घेतलं आणि शिकल्यावर काही महिन्यांतच ते एकट्याने ऑस्ट्रेलियापर्यंत नेलं. तिथून विमान जहाजावर चढवून न्यूझीलंडला आणावं लागलं. मधला टास्मान समुद्र या विमानाच्या आवाक्याबाहेर होता. ती खंत त्याच्या मनातून गेली नाही.

जानेवारी १९३१ मध्ये गाय मेन्झीस या तरुणाने ऑस्ट्रेलियाकडून न्यूझीलंडकडे एकट्याने उड्डाण केलं होतं आणि तो दलदलीत उलटा उतरला होता. चिचेस्टरला विरुद्ध दिशेने जायचं होतं, पूर्वेकडून पश्चिमेकडे. एका दमात तेवढं इंधन नेता येणार नव्हतं. वाटेत दोन बेटं होती, नॉरफोक आणि लॉर्ड हाव. तिथे धावपट्टी नव्हती, म्हणून त्याने विमानाची चाकं काढून पाण्यावर तरंगणारे फ्लोट बसवले.  

बेट शोधण्याची त्याची रीत या पुस्तकाचा गाभा आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. सेक्स्टंट या उपकरणाने सूर्याची उंची एकदा मोजली, की आपण कुठे आहोत याचा बिंदू मिळत नाही, एक रेषा मिळते. आपण त्या रेषेवर कुठेतरी आहोत, एवढंच कळतं. वाऱ्याने विमान डावीकडे ढकललं की उजवीकडे, ते त्या क्षणी सांगता येत नाही. सरळ बेटाचा रोख धरून गेलं आणि वेळ झाली तरी बेट दिसलं नाही, तर वळायचं कुठे? डावीकडे की उजवीकडे? चुकीच्या बाजूला वळलं तर पुढे फक्त समुद्र. चिचेस्टरने यावर काढलेला तोडगा असा, की बेटाचा रोख धरायचाच नाही. मुद्दाम बेटाच्या एका बाजूला जायचं, इतकं बाजूला की वाऱ्याने कितीही खेळ केला तरी आपण त्याच बाजूला असू याची खात्री राहावी. मग बेटातून जाणाऱ्या सूर्यरेषेवर पोचलो असं सेक्स्टंटने सांगितलं की काटकोनात वळायचं आणि त्या रेषेवरून बेटाकडे जायचं. दिशेची शंका उरतच नाही.

कागदावर हे साधं आहे. प्रत्यक्षात या रीतीने वैमानिकाकडून काय मागितलं असेल याचा विचार करावा. तास न्‌ तास ज्या दिशेने आपण चाललो आहोत ती दिशा एका आकड्याच्या भरवशावर सोडून द्यायची आणि समोर काहीच दिसत नसताना वळायचं. इंद्रियं ओरडून सांगतात की हे चूक आहे. या वळणाचं चिचेस्टरने केलेलं वर्णन वाचताना लक्षात येतं, की साहस म्हणून ज्याची वाहवा होते ती गोष्ट अनेकदा आधी घरी बसून शंभरदा केलेल्या गणितावरचा विश्वास असते. मोटारीतून जाताना, पळता पळता सुद्धा तो सेक्स्टंट वापरण्याचा सराव करत असे. २८ मार्च १९३१ रोजी न्यूझीलंडच्या उत्तर टोकावरून निघून त्याने नॉरफोक बेट गाठलं आणि तिथून लॉर्ड हावही. दोन्ही बेटं गणिताने सांगितली तिथेच होती. या कामगिरीसाठी ब्रिटिश वैमानिक-नाविकांच्या संस्थेने आपली जॉन्स्टन स्मृती ट्रॉफी पहिल्यांदा दिली, ती त्यालाच.

पण लॉर्ड हाव बेटावर जे घडलं त्यामुळे हे पुस्तक नुसत्या विक्रमाच्या कथेपेक्षा मोठं होतं. प्रवाळाच्या कट्ट्याआड, शांत पाण्यात बांधून ठेवलेलं विमान रात्रीच्या वादळात उलटलं आणि बुडालं. पंख मोडले, कापड फाटलं, इंजिनात खारं पाणी गेलं. बेट दहा-अकरा किलोमीटर लांब, वस्ती मूठभर, विमानाचा कारखाना कुठून असणार? चिचेस्टरने ते विमान तिथेच पुन्हा बांधायचं ठरवलं. याआधी त्याने असं काम केलेलं नव्हतं. सिडनीहून येणाऱ्या बोटीने सुटे भाग मागवले. बेटावरचे लोक कामाला लागले. पंखांच्या फासळ्या जोडल्या, बायकांनी पंखांवरचं कापड शिवलं, इंजिन खोलून धुऊन पुन्हा बसवलं. दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ गेला. ६ जूनला ते विमान उडालं आणि चिचेस्टर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जर्व्हिस बे इथे पोचला.

विक्रमांच्या यादीत या उड्डाणापुढे एकच नाव लागतं. ते योग्यच आहे, कारण कॉकपिटमध्ये एकच माणूस होता आणि बुडाला असता तर तोच बुडाला असता. परंतु ज्या पंखांनी त्याला शेवटच्या टप्प्यावर तोलून धरलं त्यांचे टाके कुणाच्या हातचे होते, हे सांगायला यादी पुरी पडत नाही. त्यासाठी पुस्तक लागतं. आत्मवृत्त लिहिणाऱ्याने हे ऋण मान्य केलं की त्याचा एकटेपणा कमी होत नाही, उलट तो वाचकाला खरा वाटू लागतो. चिचेस्टरच्या पुस्तकातला सर्वांत उबदार भाग या बेटावरचाच आहे. वेळ कमी असेल त्याने तिथून सुरुवात केली तरी चालेल.

पुढे चिचेस्टर जपानमध्ये टेलिफोनच्या तारांत अडकून कोसळला, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना दिशाज्ञान शिकवू लागला आणि नंतर लंडनमध्ये नकाशे छापू लागला. पन्नाशीच्या पुढे त्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. त्यातून उठून १९६० मध्ये त्याने एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शिडाच्या नौकांची पहिली शर्यत जिंकली आणि १९६६-६७ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, फक्त सिडनीला थांबत २२६ दिवसांच्या प्रवासात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या नौकेचं नाव त्याने ‘जिप्सी मॉथ ४’ ठेवलं होतं. ज्या विमानाने त्याला टास्मान पार करून दिला त्याचंच ते नाव.

इथे गोष्ट मुंबईला येते. चिचेस्टर एकदा थांबला होता. न थांबता कोण जाणार, हा प्रश्न उरला. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा अधिकारी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. नऊ जण शर्यतीत उतरले, पूर्ण करणारा तो एकटाच. त्याची नौका होती ‘सुहेली’, बत्तीस फुटी, सागवानी, आणि ती मुंबईत बांधलेली होती. कुलाब्याच्या सुतारांनी ती हातहत्यारांनी घडवली आणि नॉक्स-जॉन्स्टनने ती मुंबईहूनच समुद्रमार्गे इंग्लंडला नेली. जगात पहिल्यांदा कुणी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घातली ती मुंबईच्या कारागिरांच्या लाकूडकामावर बसून. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

मुंबईचं लाकूड जाऊन आलं, आता माणूस कधी जाणार, हा ध्यास ज्यांनी घेतला ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्टा’ युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी, पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात फलटणजवळच्या विंचुर्णीचे रहिवासी. समुद्रापासून इतक्या आत, कोरडवाहू मुलखात राहून ते भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी म्हणून नौदलाच्या मागे लागले. ‘सागर परिक्रमा’ हे नाव या मोहिमेला मिळालं. २००६ मध्ये नौदलाने स्वयंसेवक विचारला तेव्हा कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. ते पाणबुड्या अधिकारी, म्हणजे समुद्राखाली उतरून काम करणारे. एकट्याने महासागर पार करण्याचा अनुभव त्यांना नव्हता, आणि नौकाही नव्हती.

दोंदे आधी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकले. मग नौका कुठे बांधायची याचा शोध सुरू झाला आणि तो गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात थांबला. एवढी मोठी, महासागरात चालणारी शिडाची नौका तिथे तोवर बांधली गेली नव्हती. आराखडा नेदरलँड्सच्या व्हान डे स्टाड्ट या संस्थेचा होता; हात गोव्याचे. लाकडाच्या गाभ्यावर फायबरचे थर चढवत छप्पन्न फुटी नौका तयार झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली. तिला म्हादई हे नाव मिळालं, मांडवीचं वरच्या अंगाचं नाव.

१९ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात, दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंडमध्ये पोर्ट स्टॅनली आणि आफ्रिकेत केप टाउन एवढे चार थांबे घेत, लीविन, हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही भूशिरं ओलांडून ते मे २०१० मध्ये मुंबईत परतले. त्यांना शौर्यचक्र मिळालं.

‘द फर्स्ट इंडियन’ हाती घेणाऱ्या वाचकाला पहिल्या पानापासून लाटा हव्या असतात. त्या लगेच मिळत नाहीत. प्रवासाआधीच्या तीन वर्षांना हे पुस्तक मोठी जागा देतं: मंजुऱ्या, पैसा, आराखडा, कारखान्यातलं काम, शिकणं. ही पानं ओलांडून पुढे पळण्याचा मोह आवरावा. दांडेकरांच्या कारखान्यात एखादा जोड नीट बसला की नाही, याचं उत्तर काही महिन्यांनी दक्षिण महासागरात, जिथे पश्चिमेचे वारे वाटेत जमीन न लागता पृथ्वीभोवती फिरत असतात, तिथे मिळणार असतं. बांधणारा आणि चालवणारा यांच्यातला विश्वास ज्या पानांत घडतो ती पानं वगळली, तर पुढच्या वादळांचा अर्थ अर्धाच कळतो. चिचेस्टरच्या पुस्तकात लॉर्ड हाव बेट जे काम करतं, तेच काम इथे दिवाडी बेट करतं.

दोघांच्या एकांतात फरक मात्र आहे. चिचेस्टरला सूर्य आणि गणित यांच्याच भरवशावर राहावं लागायचं. दोंदे उपग्रह फोनवरून घरी बोलू शकत होते आणि त्यांना आपलं ठिकाण शोधायला सूर्याची वाट पाहावी लागत नव्हती. म्हणून त्यांचा प्रवास सोपा ठरत नाही. फोनवर आवाज येतो, हात येत नाही. स्वयंचलित सुकाणू बिघडलं, शीड फाटलं, तर भर रात्री उठून ते दुरुस्त करायला नौकेवर एकच जण होता आणि जवळचा किनारा हजारो किलोमीटरवर.

आकाशाच्या वाटेवरही अलीकडचं एक भारतीय नाव आहे. मुंबईच्या आरोही पंडितने २०१९ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी ‘माही’ नावाच्या हलक्या, एका इंजिनाच्या विमानातून स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत कॅनडा गाठला. अशा हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री. चिचेस्टरप्रमाणेच बेटांच्या टप्प्यांनी तिने महासागर तोडला. ही बातमी चार दिवस गाजली. अशा उड्डाणाला पुस्तकाचीच पानं न्याय देऊ शकतात.

पाण्यावरची परंपराही पुढे चालू राहिली. दोंदे यांच्या प्रवासात किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच म्हादईतून, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी घालून आले. २०१८ मध्ये ते १९६८ च्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी भरलेल्या, जुन्याच साधनांनी करायच्या शर्यतीत उतरले. त्यासाठी त्यांना ‘सुहेली’सारखीच नौका हवी होती, आणि तिची प्रतिकृती दांडेकरांच्या गोव्यातल्या कारखान्यातच तयार झाली. तिचं नाव ‘थुरिया’. त्या सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी फ्रान्सच्या मासेमारी गस्तनौकेने त्यांना उचललं. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले. दोंदे यांनी आपल्या प्रवासानंतर नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांना शिकवलं. पुढे नौदलाच्याच दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ अखेर प्रदक्षिणा पुरी करून तिथेच परतल्या. ‘तारिणी’ही दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली आहे.